नजर शाबूत, नसा आजारी: डोळ्याच्या पडद्यावर काय काय दिसतं

स्वच्छ निळ्या आकाशाकडे (सूर्याकडे नव्हे) थोडा वेळ एकटक पाहत राहा. दहा-पंधरा सेकंदांत नजरेच्या मध्याभोवती बारीक चमकदार ठिपके सुळकन पळताना दिसू लागतील. एक ठिपका येतो, वळण घेतो, नाहीसा होतो. थोड्या वेळाने दुसरा नेमका त्याच वाटेने जातो. दोन बोटं मनगटाच्या नाडीवर ठेवलीत तर हे ठिपके नाडीच्या ठेक्यावर पुढे सरकतात हेही कळेल. या तुमच्याच पांढऱ्या रक्तपेशी आहेत. डोळ्याच्या पडद्यावरच्या केशवाहिन्यांतून त्यांची ये-जा चालू असते. तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषून घेतात, पांढऱ्या घेत नाहीत, त्यामुळे पांढरी पेशी जिथून जाते तिथे प्रकाशाला क्षणभर फट मिळते आणि ठिपका चमकतो. (डोळ्यांपुढे संथ तरंगणारे काळे धागे आणि जाळ्या ही वेगळी गोष्ट.) अगदी मधोमध मात्र एकही ठिपका फिरकत नाही, कारण तिथे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या गोलात केशवाहिन्याच नसतात.

आता हेच बाहेरून. कोणी तुमच्या बाहुलीतून आत डोकावलं तर त्याला या नसा दिसायला हव्यात, पण बाहुली काळीच दिसते. आतून परतणारा प्रकाश ज्या वाटेने गेला त्याच वाटेने बाहेर येतो, आणि पाहणारा त्या वाटेवर आला की त्याचंच डोकं उजेड अडवतं. हर्मान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली यावरची तोड प्रसिद्ध केली. तिरप्या धरलेल्या काचेवरून दिव्याचा उजेड बाहुलीत वळवायचा आणि त्याच काचेतून आरपार पाहायचं. ऑफ्थॅल्मोस्कोप तो हाच. तेव्हापासून जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कुठेही चिरफाड न करता डॉक्टरांना पाहता येऊ लागल्या. नखाच्या मुळाशी सूक्ष्मदर्शक लावला तर केशवाहिन्या दिसतात हे खरं. पण रोहिण्या, नीला, त्यांचे फाटे आणि त्या ज्याला रक्त पुरवतात तो मज्जासंस्थेचा तुकडा, हे सगळं एका नजरेत दिसेल अशी जागा शरीरात दुसरी नाही.

मज्जासंस्थेचा तुकडा म्हटलं ते सहज नव्हे. गर्भात डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, मेंदूच्याच भागातून फुटून पुढे येतो. गळ्यातून मेंदूकडे निघालेल्या कॅरोटिड रोहिणीचा एक फाटा डोळ्याकडे वळतो आणि त्याचाच एक बारीक फाटा दृष्टिचेतेत, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेत, शिरून पडद्यावर पसरतो. म्हणजे पडद्यावरच्या नसा आणि मेंदूतल्या बारीक नसा एकाच घराण्यातल्या. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला, साखर वाढलेली राहिली, तर दोन्हींकडे बिघाड साधारण एकाच पद्धतीने होतो. मेंदूतला दिसत नाही, मूत्रपिंडातला दिसत नाही, इथला दिसतो.

आणि इथेच एक गैरसमज आडवा येतो. तक्त्यावरची शेवटची ओळ धडधड वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावर रक्तस्राव असू शकतात. बारीक अक्षरं वाचायचं काम पडद्याच्या मध्यावरचा जेमतेम दीड मिलिमीटरचा खळगा करतो. बाकीच्या पडद्यावर काहीही चाललेलं असो, तक्त्याला त्याचा पत्ता लागत नाही. चष्म्याचा नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासून झाले, ही समजूत मला या सगळ्या विषयातली सर्वांत महागात पडणारी वाटते.

दिसते ती भिंत की रक्त?

पडद्याचा फोटो पाहिला असेल तर चित्र आठवा. नारिंगी-लाल पार्श्वभूमी, नाकाच्या बाजूला फिकट पिवळसर चकती. ती दृष्टिचेतेचं टोक, रुंदी सुमारे दीड मिलिमीटर. तिच्या मधून नसा बाहेर पडतात आणि वर-खाली, आत-बाहेर अशा पसरतात. सोबतीने चालणाऱ्या जोडीतली उजळ आणि अरुंद ती रोहिणी, गडद आणि रुंद ती नीला. दोघींच्या रुंदीचं प्रमाण साधारण दोनास तीन. चकतीजवळची ठसठशीत वाटणारी नससुद्धा प्रत्यक्षात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच असते. हातात धरायच्या ऑफ्थॅल्मोस्कोपमधून हे सगळं सुमारे पंधरा पट मोठं दिसतं.

गंमत अशी, की या फोटोत नसेची भिंत जवळपास दिसतच नाही. निरोगी भिंत काचेसारखी पारदर्शक असते. आपल्याला दिसतो तो आतल्या रक्ताचा लाल दांडा, आणि त्याच्या पाठीवर चमकणारी एक बारीक उजळ रेघ. ही गोष्ट नीट लक्षात आली की पुढच्या निम्म्या खुणा आपोआप उलगडतात.

रक्तदाब वाढला की पडद्यावरच्या रोहिण्या आधी आखडतात. मेंदूकडून त्यांना तसा हुकूम येत नाही. डोळ्यात शिरल्यावर या नसांना आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेची दोरी उरलेली नसते, त्या दाब ओळखून स्वतःच स्वतःला आवळतात, म्हणजे पुढच्या नाजूक केशवाहिन्यांवर मारा होणार नाही. हे वर्षानुवर्षं चाललं की भिंतीतला स्नायू जाड होतो, मग भिंतीत काचेसारखं घट्ट द्रव्य साठू लागतं. भिंत जाड झाल्याने चमकणारी रेघ रुंदावते आणि लाल रंग तिच्याआडून तांबूस-सोनेरी दिसतो. डॉक्टर याला ‘कॉपर वायर’ म्हणतात, तांब्याची तार. भिंत आणखी जाड झाली की आतलं रक्त दिसेनासंच होतं आणि नस पांढुरक्या तारेसारखी दिसते, ती ‘सिल्व्हर वायर’. चांदीची तार दिसली म्हणून त्यातून रक्त वाहत नाही असं मात्र समजू नये. बऱ्याचदा वाहत असतं, झाकलेलं असतं एवढंच.

याहून बोलकी खूण रोहिणी आणि नीला एकमेकींना ओलांडतात तिथे सापडते. बहुतेक ठिकाणी रोहिणी वरून जाते, नीला खालून. त्या जागी दोघींचं बाहेरचं वेष्टन एकच असतं, दोन तारा एकाच नळीत कोंबाव्यात तसं. रोहिणी जाड आणि कडक झाली की या तंग जागेत मऊ भिंतीच्या नीलेवर तिचा भार पडतो. शिवाय आधी पारदर्शक असलेली रोहिणीची भिंत आता धूसर झालेली असते, त्यामुळे तिच्या दोन्ही कडांशी नीलेचा थोडाथोडा भाग झाकला जातो. पाहणाऱ्याला काय दिसतं? चांगली रुंद नीला रोहिणीपाशी येता येता निमुळती होते, चिमटीत धरल्यासारखी. रोहिणीच्या अलीकडे आणि पलीकडे जराशी मोकळी जागा, आणि पुढे नीला पुन्हा रुंद. कधी नीला सरळ जायची सोडून ओलांडण्यापुरती वाकडी वळण घेते. रॉबर्ट मार्कस गन या नेत्रवैद्याने १८९० च्या दशकात हे बारकाईने टिपलं, तेव्हापासून ती खूण त्याच्या नावाने ओळखली जाते.

ही खूण जात नाही. आखडलेली नस दाब उतरल्यावर सैल होऊ शकते, सांडलेलं रक्त महिन्याभरात शोषलं जातं, पण दबलेलं ओलांडण पूर्वीसारखं होत नाही. हजारो लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहणाऱ्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की या दबलेल्या जागांचा संबंध आजच्या रक्तदाबाशी जसा आहे तसा काही वर्षांपूर्वीच्या रक्तदाबाशीही आहे. रक्तस्राव आणि कापसासारखे डाग यांचा मात्र फक्त आत्ताच्या दाबाशी. म्हणजे आज यंत्रावर आकडा सुरेख आला तरी जुना हिशेब पडद्यावर राहिलेला असतो.

सांडलेल्या रक्ताचा आकार

मला स्वतःला सगळ्यात सुंदर वाटतो तो हा भाग, जरी सुंदर म्हणणं जरा विचित्र असलं तरी.

पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, पण त्यात थर आहेत. वरच्या थरात चेतातंतू एकमेकांना समांतर, विंचरलेल्या केसांसारखे चकतीकडे निघालेले असतात. इथली बारीक नस फुटली तर रक्त या तंतूंच्या मधून लांबट पसरतं आणि ज्योतीच्या आकाराचा डाग दिसतो, टोकाशी पिसासारखा विस्कटलेला. खालच्या थरात पेशी उभ्या रचलेल्या असतात. तिथे तेच रक्त आडवं पसरू शकत नाही, म्हणून वरून पाहताना गोल ठिपका किंवा डाग दिसतो. एवढ्यावरून गळती कुठल्या खोलीवर झाली ते कळतं. ज्योती जास्त असतील तर संशय आधी रक्तदाबाकडे जातो, गोल ठिपके जास्त असतील तर मधुमेहाकडे. नियम पक्का नाही, पण पहिला अंदाज म्हणून चालतो.

कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे, कडा धूसर असलेले डाग हे आणखी वेगळं प्रकरण. पूर्वी त्यांना ‘मऊ स्राव’ म्हणत. नाव अजून कुठे कुठे वापरात आहे, पण चुकीचं आहे, कारण तिथे काही स्रवलेलंच नसतं. त्या जागेची बारीक रोहिणी बंद पडलेली असते. चेतातंतूंच्या आतून पेशीद्रव्याची सतत वाहतूक चालते. रक्ताशिवाय ती ठप्प होते आणि अडलेला माल दोन्ही बाजूंनी साचून तंतू फुगतात. पांढरं दिसतं ते हे साचलेपण. काही आठवड्यांत डाग विरून जातो, मागे त्या जागेचा थर किंचित पातळ झालेला राहतो. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, आणि तरी पडद्यावर एक कापसाचा डाग सापडला, तर चांगला डॉक्टर त्याला ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणत नाही. ल्युपससारखे आजार, रक्ताचे विकार, एचआयव्ही, सगळं तपासायला लागतं.

पिवळसर, मेणचट, धारदार कडांचे ठिपके खरे स्राव. गळक्या नसेतून पाणी आणि चरबीयुक्त प्रथिनं बाहेर येतात, पाणी शोषलं जातं आणि चरबी मागे राहते. पडद्याच्या मध्यापाशी तंतू चाकाच्या आऱ्यांसारखे रचलेले असल्यामुळे तिथे साचलेली चरबी तारकेचा आकार घेते. ही तारका आणि सोबत सुजलेली चकती दिसली, तर तो डोळ्याच्या ओपीडीत थांबायचा विषय राहत नाही.

१९३९ ची वर्गवारी आणि आजचा रिपोर्ट

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या कीथ, वॅगनर आणि बार्कर या तिघांनी १९३९ साली उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे पडद्यावरून चार गट पाडले. पहिल्यात नसा किंचित अरुंद. दुसऱ्यात ओलांडणाच्या खुणा ठळक. तिसऱ्यात रक्तस्राव, स्राव, कापसाचे डाग. चौथ्यात हे सगळं आणि चकतीवर सूज. त्या काळी रक्तदाबावर धड औषध नव्हतं. पहिल्या गटातले साधारण ७० टक्के लोक तीन वर्षांनी हयात होते, चौथ्या गटातले ६ टक्के. नुसत्या डोळ्यात डोकावून केलेला हा अंदाज होता, हे लक्षात घेतलं की आकडे अंगावर येतात.

आज औषधं आहेत, म्हणून हे आकडे कोणी स्वतःला लावून घेऊ नयेत. तरी रिपोर्टवर ‘ग्रेड २’ असं लिहून येतंच आणि माणूस घाबरतो. खरं सांगायचं तर पहिला आणि दुसरा गट यांत फरक करणं अनुभवी डॉक्टरांनाही एकसारखं जमत नाही. एकाच फोटोला एक जण एक म्हणेल, दुसरा दोन. शिवाय वयानेही नसा काही प्रमाणात अशाच बदलतात. म्हणून २००४ मध्ये आलेली साधी वर्गवारी मला जास्त पटते: सौम्य, मध्यम आणि घातक. सौम्य म्हणजे फक्त नसांच्या भिंतीचे बदल. मध्यम म्हणजे रक्तस्राव, कापसाचे डाग, स्राव. इथे पक्षाघाताचा धोका उघडच वाढलेला असतो आणि फिजिशियनने औषधांचा फेरविचार करायचा असतो. घातक म्हणजे चकतीची सूज. ही तातडीची अवस्था. रक्तदाब बहुधा १८०/१२० च्या वर असतो, डोकेदुखी, अंधुकपणा असू शकतो, मूत्रपिंडंही भरडली जात असतात. रुग्णाला त्याच दिवशी दाखल करतात, पण दाब एका झटक्यात खाली आणत नाहीत. आवळलेल्या नसांना चढ्या दाबाची सवय झालेली असते. तो एकदम उतरवला तर मेंदूला आणि दृष्टिचेतेला रक्त कमी पडून नजर कायमची जाऊ शकते. घरच्या घरी जास्तीची गोळी घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मधुमेह: आधी फुगवटे, मग गळती, मग नको तिथे नव्या नसा

केशवाहिनीच्या भिंतीला बाहेरून आधार देणाऱ्या काही पेशी असतात. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पडद्यावरच्या या आधारपेशी मरू लागतात. आधार सुटलेल्या जागी भिंत फुग्यासारखी बाहेर येते. हे सूक्ष्म फुगवटे म्हणजे मधुमेहाची डोळ्याने दिसणारी पहिली खूण: टाचणीच्या टोकाने उमटवल्यासारखे लाल बिंदू, केसाच्या जाडीच्या आसपास. ते पाझरतात, काही फुटतात. गोल ठिपके, पिवळे स्राव दिसू लागतात. काही केशवाहिन्या बंद पडतात आणि नीलांना मण्यांच्या माळेसारखा फुगीर-आखडता आकार येतो. पडद्याचे चार भाग कल्पायचे: चारही भागांत भरपूर रक्तस्राव, किंवा दोन भागांत मणीदार नीला, किंवा एका भागात वेड्यावाकड्या जोडनसा, यांतलं एक जरी दिसलं तरी आजार तीव्र टप्प्यावर आला. डॉक्टर याला चार-दोन-एकचा नियम म्हणतात.

त्यापुढची पायरी फसवी आहे. रक्त न मिळालेला पडदा रासायनिक हाका मारतो, व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो, आणि त्या हाकेला नव्या नसा उगवतात. ऐकायला बरं वाटतं. पण या नसा कच्च्या, पडद्याच्या पृष्ठभागावर पसरणाऱ्या आणि डोळ्यात भरलेल्या पुढच्या जेलीत घुसणाऱ्या असतात. एखाद्या सकाळी त्यातली एक फुटते आणि डोळ्यापुढे लाल-काळा पडदा उतरतो. त्या दिवसापर्यंत नजर अगदी उत्तम असू शकते. म्हणूनच टाइप २ मधुमेह सापडल्या सापडल्या पडदा तपासायला सांगतात: हा मधुमेह बहुतेकदा कळण्याआधी काही वर्षं असतोच. टाइप १ मध्ये सुरुवात कळते, त्यामुळे पहिली तपासणी निदानानंतर पाच वर्षांच्या आत चालते. गर्भारपणात आजार वेगाने पुढे सरकू शकतो, म्हणून मधुमेही बाईला दिवस राहिले की तपासणी लगेच आणि पुन्हा पुन्हा.

उपाय काम करतात, हे ठामपणे सांगता येतं. साखर काटेकोर ठेवली तर टाइप १ च्या रुग्णांत पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, असं १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासात दिसलं. टाइप २ मध्ये रक्तदाब आवरल्याने आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी झाला, हे ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासातून १९९८ मध्ये पुढे आलं. साखरेवर सगळं लक्ष आणि रक्तदाबाकडे काणाडोळा, ही नेहमीची चूक. आजार पुढे गेला तर लेसर आहे, आणि व्हीईजीएफची हाक दाबणारी इंजेक्शनं आहेत.

तुंबलेली नीला, बंद पडलेली रोहिणी

रोहिणी-नीला ओलांडणाकडे पुन्हा येऊ. दबलेल्या जागी रक्ताचा प्रवाह खळखळतो, भिंतीला इजा होते, आणि एक दिवस तिथे गुठळी धरते. नीलेतून परतणारं रक्त मागे तुंबतं आणि त्या नीलेच्या अख्ख्या पट्ट्यात ज्योतीसारखे रक्तस्राव होतात, पंख्याच्या आकारात. पंख्याची मूठ थेट त्या ओलांडणाकडे बोट दाखवते. चकतीपाशी मुख्य नीलाच तुंबली तर चारही दिशांना रक्तच रक्त दिसतं. रुग्णाला दुखत नाही, सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धूसर दिसतं एवढंच. इथे रक्तदाब, साखर, चरबी, काचबिंदू हे नेहमीचे संशयित. रुग्ण तरुण असेल तर रक्त गोठण्याचे दोष शोधावे लागतात.

रोहिणी बंद पडणं याहून वेगळं आणि तातडीचं. काही सेकंदांत एका डोळ्याची नजर जाते, वेदना नाही. आत पाहिलं तर रक्तावाचून पडलेला पडदा दुधट पांढरा झालेला असतो आणि मधोमध एक लालभडक ठिपका. चेरी-रेड स्पॉट म्हणतात तो. त्या खळग्यात पडदा अतिशय पातळ असल्यामुळे मागच्या रक्तवाहिन्यांच्या थराचा लाल रंग तिथून दिसत राहतो, भोवतालच्या पांढऱ्यात उठून. माकडांवरच्या प्रयोगांत सुमारे चार तास रक्त बंद राहिलं की पडद्याचं नुकसान कायमचं झालं. हा डोळ्यातला स्ट्रोक आहे. तसंच वागायचं: थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, जिथे स्ट्रोकचे उपचार होतात. पुढच्या काही दिवसांत मेंदूचा झटका येण्याचा धोका खराखुरा असतो. माणूस ‘डोळ्यांचं आहे, सोमवारी दाखवू’ म्हणतो तो याच वेळी.

कधी नजर जाते आणि दोन-पाच मिनिटांत परत येते, वरून पडदा सोडावा आणि पुन्हा वर घ्यावा तशी. परत आली म्हणून लोक सुटकेचा श्वास टाकतात. अशा डोळ्यात नसेच्या फाट्यावर अडकलेला एक पिवळा, चकाकणारा कण सापडू शकतो. हा कोलेस्टेरॉलचा स्फटिक, बहुतेकदा गळ्यातल्या कॅरोटिडच्या भिंतीवरून सुटून आलेला. मेयो क्लिनिकच्याच रॉबर्ट हॉलनहॉर्स्टने १९६१ मध्ये त्याचं वर्णन केलं. मळकट पांढरा, न चमकणारा कण असेल तर तो चुन्याचा (कॅल्शियमचा), हृदयाच्या झडपेवरून निघालेला असण्याची शक्यता जास्त. कण कसा दिसतो त्यावरून गळ्याची सोनोग्राफी आधी की हृदयाची एको आधी हे ठरतं, पण बहुधा दोन्ही करतातच.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची नजर अशी गेली आणि सोबत नवी डोकेदुखी असेल, केस विंचरताना टाळू दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल, तर रोहिण्यांच्या भिंतीचीच सूज असू शकते. जायंट सेल आर्टरायटिस नावाचा हा आजार दुसऱ्या डोळ्यावरही लगेच येऊ शकतो. रक्ताची तपासणी करतात, पण रोहिणीचा तुकडा तपासून येईपर्यंत थांबत नाहीत, स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करतात.

आणखी थोड्या खुणा, धावत्या धावत्या. मधे पांढरं आणि भोवती लाल असे रक्तस्राव हृदयाच्या झडपेच्या संसर्गात दिसतात, तसेच ल्युकेमियात आणि तीव्र रक्तक्षयातही. रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी दोन-अडीच हजारांच्या वर गेली तर नसा लालऐवजी गुलाबी-दुधट दिसतात आणि रोहिणी कुठली नीला कुठली ते ओळखू येत नाही. एका बाजूची कॅरोटिड जवळजवळ बंद असेल तर त्या डोळ्यात मधल्या घेरात ठिपके दिसतात आणि उन्हातून आत आल्यावर ती नजर सावरायला दुसऱ्या डोळ्यापेक्षा बराच वेळ घेते.

यंत्राला दिसतं ते

२०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी २,८४,३३५ लोकांच्या पडद्याच्या फोटोंवर संगणकाला शिकवलं. निव्वळ फोटो पाहून तो माणसाचं वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने सांगू लागला, वरचा रक्तदाब सुमारे ११ अंकांच्या फरकाने. बाई की पुरुष हे तर बहुतेक वेळा बरोबर आलं, आणि ते पडद्यात कुठे दिसतं हे दीडशे वर्षं पडदे पाहणाऱ्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. उत्सुकता वाटावी असंच आहे. पण ११ अंकांच्या फरकाने रक्तदाब सांगणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा दंडाला पट्टा बांधणं अजून तरी स्वस्त आणि अचूक आहे. पडदा रक्तदाबाचं निदान करायला नसतोच. दाबाने नसांचं काय केलं, ते तो दाखवतो. उलट, पडदा स्वच्छ निघाला म्हणून हृदयाच्या रोहिण्याही स्वच्छ असतील असं नाही. त्या मोठ्या नसा, त्यांचा आजार वेगळ्या चालीचा.

तपासणीला जाताना

पडदा नीट पाहायला बहुधा बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. वीस-तीस मिनिटं चुरचुर आणि वाट पाहणं, मग तेजस्वी उजेड, ‘वर बघा, खाली बघा’. मोतीबिंदू पिकलेला असेल तर आतलं नीट दिसत नाही, ते डॉक्टर सांगतील. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या अलीकडच्या नोंदी, चालू गोळ्यांची यादी आणि पूर्वीचे पडद्याचे फोटो असतील तर ते घेऊन जा. एका फोटोपेक्षा दोन वर्षांच्या अंतराने काढलेले दोन फोटो कितीतरी जास्त सांगतात. आणि रिपोर्ट हातात आला की तो नेत्रतज्ज्ञाच्या फायलीत ठेवून देऊ नका, तुमची बीपी-शुगरची औषधं जे डॉक्टर ठरवतात त्यांच्यापुढे ठेवा. बदल करायचा तो त्यांच्या चिठ्ठीत.

डोळ्याचा कोन अरुंद आहे असं पूर्वी कोणी सांगितलं असेल तर थेंब घालण्याआधीच बोला. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं अंधुक दिसतं, मोबाइलवरची अक्षरं विरघळतात, ऊन डोळ्यांत खुपतं. गॉगल न्या, आणि परतताना गाडी चालवायला दुसरं कोणी असू द्या.